मागची डावी

जेवणाच्या टेबलावर नदी पसरलीय.
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
खजुराचा डबा, शाजूचा पाना, केतकीची बाटली
आणि माझा मोबाईल. तो थरथरला
की सहावा रॅपिड किंचित हलतो.

सूरमध्ये रात्रीचे अकरा, बाहेर अडतीस.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि आमची चर्चा बर्फ कधी वितळतो यावर.

मी पाणी करतो. नोकरीच ती.
समुद्र आत घ्यायचा,
साठ बारच्या दाबाने पडद्यावर रेटायचा,
मीठ मागे, गोडं पुढे, आकडे वहीत.
बारा वर्षांत एक थेंब मला न विचारता गेलेला नाही.
म्हणून की काय,
जिथे मला कुणी विचारणार नाही
अशा पाण्यात जायचंय.

केतकी धारप हॉस्पिटलात लोकांचे खांदे बसवते,
तीच आमची कॅप्टन.
तिने राफ्ट काढलाय, चपलेच्या तळासारखा.
पुढची उजवी ती. पुढची डावी मी.
मागची उजवी शाजू, कारण तो जड आहे आणि ऐकतो.
मागची डावी हेरंब साटम,
सुट्टी मंजूर झाली तर.

तिकडून कुंदनसिंग सांगतो, पाणी चढं आहे, साहेब.
पुलाच्या खांबावर पांढऱ्या रेघा आहेत,
तिसरीच्या खाली उतरलं तर या.
तो पूल मी पाहिलेला नाही.
पण दात घासताना ती तिसरी रेघ
आरशात माझ्या गळ्याशी येते.

शुक्रवारी खलफानच्या गाडीतून वादीत गेलो.
कोरडी ठणठणीत. गोटे, बाभळी, शेळ्या.
केतकी हेल्मेट घालून पुढे:
इथे धार आदळणार, इथून उलटी फिरणार,
या धोंड्याच्या पाठीशी दोन श्वास मिळतील,
तिसरा मागू नका.
आणि आम्ही चौघं हवेत वल्ही मारत
दगडांवरून खाली.
शाजू एकदा खरंच पडला. गुडघा फुटला.
"माणूस पाण्यात!" केतकी ओरडली
आणि मी त्या धुळीत दोर फेकला.

खलफान बॉनेटवर बसून हसत होता.
मग हसायचा थांबला, खाली आला,
कड्याकडे बोट केलं, आमच्या डोक्याच्या दुप्पट वर.
कपारीत एक पत्रा अडकलेला, गंजून दगडाच्याच रंगाचा.
"माझ्या काकाची पिकअप," म्हणाला. "तिचं दार."
शेळ्या चरत होत्या.
मी दोर गुंडाळायला लागलो. नीट गुंडाळेना.

आईला फोनवर सांगितलं, डोंगरात जातोय.
नदीचं नाव घेतलं नाही.
तिनेही विचारलं नाही.
फक्त म्हणाली, जाडे मोजे घे.

हेरंबची सुट्टी नामंजूर. प्लांट बंद ठेवून दुरुस्ती आहे म्हणे.
टेबलाशी सगळे गप्प.
खलफानने चहाचा पेला खाली ठेवला.
"मी येऊ?"
पोहता येतं? केतकीने विचारलं.
"समुद्रात. समुद्रात मीठ आहे, माणसाला वर धरतं.
गोड्या पाण्याचं मला माहीत नाही."
(ते मीठ रोज मीच काढून घेतो.
बोललो नाही.)

मग तो जरा थांबला, हिंदीत शब्द शोधत.
आमच्याकडे पाणी एक तर बसलेलं असतं, म्हणाला,
खडकात, गप्प, हिरवं,
नाहीतर एक दिवस मारायला येतं.
रोज एवढा आवाज करतं
आणि तरी कुणावर रागावलेलं नाही,
असं पाणी मला बघायचंय.

त्यावर कुणी काही बोललं नाही.
शाजूने गुडघ्यावरची पट्टी उगाच दाबली.
केतकीने खोडरबर घेतला,
साटम पुसला, चुरा फुंकला, लिहिलं: खलफान.
त्याने ते उजवीकडून डावीकडे
बोटाने गिरवून पाहिलं.
"हा मी?"
हा तू. उद्यापासून बिल्डिंगच्या तलावात, सहा वाजता.

मोबाईल थरथरला. सहावा रॅपिड हलला.
कुंदनसिंगचा मेसेज होता:
काल रात्री वर पाऊस झाला,
चौथी रेघ बुडाली.

कुणी नकाशा गुंडाळला नाही.
केतकीने खजुराचा डबा उघडला
आणि तो कोपरा
हळूहळू वर उचलला गेला.